विश्लेषण : सर्व्हर वेगवान, पण मधली वाट अरुंद? 'इन्फिनिबँड' की 'इथरनेट', हा वाद काय आहे?

बँकांचे डेटाबेस असोत वा कृत्रिम बुद्धिमत्तेची महाकाय प्रारूपे, आज ही कामे एका संगणकावर होत नाहीत. शेकडो-हजारो सर्व्हर एकत्र जोडून करावी लागतात. मात्र महागडे प्रोसेसर विकत घेऊनही ते एकमेकांची वाट पाहत बसले, तर खर्च वाया जातो. म्हणूनच सर्व्हरना जोडणारे नेटवर्क हा संगणक उद्योगातील सर्वांत चुरशीचा विषय झाला आहे. हे नेटवर्क नेमके कसे चालते आणि त्यावरून एवढी स्पर्धा का, याविषयी…

क्लस्टरमध्ये अडचण कुठे येते?

समजा, एका बँकेचा डेटाबेस चार सर्व्हर मिळून चालवत आहेत. एका खात्याची ताजी नोंद पहिल्या सर्व्हरच्या मेमरीत आहे आणि त्याच खात्यातून पैसे काढण्याची विनंती तिसऱ्या सर्व्हरकडे आली. तिसऱ्याला ती नोंद हवी आहे. पूर्वी पहिल्याने ती डिस्कवर लिहायची आणि तिसऱ्याने तिथून वाचायची, असा द्राविडी प्राणायाम होता. ओरॅकलने २००१ मध्ये '९आय' आवृत्तीत 'कॅश फ्यूजन' ही पद्धत पूर्णत्वाने आणली. त्यात नोंद डिस्कवर न जाता एका सर्व्हरच्या मेमरीतून थेट नेटवर्कवरून दुसऱ्याच्या मेमरीत जाते. डिस्कपेक्षा हे कितीतरी जलद. पण त्यामुळे सगळा भार नेटवर्कवर आला.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. एक म्हणजे रुंदी, म्हणजे एका सेकंदात किती डेटा जाऊ शकतो. दुसरी म्हणजे विलंब, म्हणजे पहिला तुकडा पोहोचायला किती वेळ लागतो. एक टेराबाइट डेटा एक गिगाबिटच्या जोडणीवरून न्यायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तर १०० गिगाबिटच्या जोडणीवरून ८० सेकंद. हा रुंदीचा फायदा. पण खात्याची नोंद जेमतेम आठ किलोबाइटची असते. तिला रुंद रस्त्याचा फारसा उपयोग नाही. तिला दारात ताटकळत ठेवले जाऊ नये, एवढेच हवे असते. जाहिरातींमध्ये मात्र बहुतेक वेळा रुंदीचेच आकडे ठळक छापले जातात.

साधी पद्धत अपुरी का पडते?

इंटरनेटवर आणि कार्यालयांत चालणारी 'टीसीपी' पद्धत ही सरकारी कार्यालयातील आवक-जावक विभागासारखी आहे. पत्र आले की आधी आवक टेबलावर नोंद, शिक्का, मग शिपायामार्फत संबंधित टेबलाकडे. संगणकात नेटवर्क कार्डावर पॅकेट आले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते. प्रोसेसर हातातले काम थांबवतो, ऑपरेटिंग सिस्टीम पॅकेट तपासते, स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि नंतर त्याची प्रत ज्या प्रोग्रामला हवी त्याच्या मेमरीत करते. पाठवणाऱ्या बाजूलाही हेच उलट क्रमाने होते.

एक गिगाबिटच्या काळात हे खपून जात होते. इथरनेटचे नेहमीचे पॅकेट १५०० बाइटचे असते. एक गिगाबिटच्या जोडणीवर असे एक पॅकेट यायला १२ मायक्रोसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका गाभ्याला तेवढ्या वेळात ३६ हजार ठोके मिळतात, म्हणजे पॅकेट हाताळायला भरपूर सवड. जोडणी १०० गिगाबिटची झाली की तेच पॅकेट ०.१२ मायक्रोसेकंदात येते. सेकंदाला सुमारे ८३ लाख पॅकेट. आता प्रत्येक पॅकेटमागे ३६० ठोके उरतात. मेमरीतून एखादी गोष्ट आणायलाच कधी कधी २०० ते ३०० ठोके खर्च होतात. थोडक्यात, पत्रे इतक्या वेगाने येतात की आवक विभागाचा कारकून त्यातच गाडला जातो, आणि ज्या कामासाठी प्रोसेसर घेतला ते काम बाजूला राहते.

'आरडीएमए' म्हणजे काय?

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या मेमरीत थेट प्रवेश देणारी 'आरडीएमए' ही पद्धत. यात आवक-जावक टेबलच वगळले जाते. सर्व्हर आपल्या मेमरीचा ठरावीक भाग आधीच नोंदवून ठेवतो आणि त्याची 'किल्ली' समोरच्या सर्व्हरला देतो. जणू दोन कार्यालयांनी आपल्या कपाटातील एका कप्प्याची किल्ली एकमेकांना देऊन ठेवावी. त्यानंतर समोरचा सर्व्हर त्या कप्प्यात थेट वाचू वा लिहू शकतो. पॅकेट मोजणे, क्रम लावणे, हरवले तर पुन्हा मागवणे ही कामे नेटवर्क कार्डावरची चिप करते. ज्याच्या मेमरीतून वाचले जात आहे, त्या सर्व्हरच्या प्रोसेसरला अनेकदा त्याचा पत्ताही लागत नाही. साध्या पद्धतीत जिथे काही दहा मायक्रोसेकंद जातात, तिथे आरडीएमएमध्ये एका छोट्या संदेशाला एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात.

विलंब याहून फार कमी करता येत नाही, कारण भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक मीटर जायला सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. म्हणजे १०० मीटर केबलमध्येच अर्धा मायक्रोसेकंद गेला. डेटा सेंटरमध्ये कोणती रॅक कुठे ठेवायची, यावर अभियंते डोके खपवतात त्यामागचे हेही एक कारण.

इन्फिनिबँड कोठून आले?

इन्फिनिबँडचा जन्म मुळात वेगळ्याच हेतूने झाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सर्व्हरच्या आतील 'पीसीआय' मार्गिका अपुरी पडू लागली होती. तिच्या जागी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि सन यांचा एक प्रस्ताव होता, तर कॉम्पॅक, आयबीएम आणि एचपी यांचा दुसरा. १९९९ मध्ये दोन्ही गट एकत्र आले आणि २००० मध्ये इन्फिनिबँडचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. डिस्क, नेटवर्क, सर्व्हरची आतील जोडणी या सगळ्यांना एकच तंत्रज्ञान, असे मोठे स्वप्न होते. ते लगेच भंगले. डॉटकॉम मंदीत कंपन्यांनी हात आखडता घेतला. २००२ मध्ये इंटेलने इन्फिनिबँड चिपचे काम थांबवले आणि मायक्रोसॉफ्टही बाजूला झाली.

तंत्रज्ञान तगले ते प्रामुख्याने १९९९ मध्ये इस्रायलमध्ये स्थापन झालेल्या मेलानॉक्स या कंपनीमुळे. २००३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ॲपलचे ११०० 'पॉवर मॅक जी५' इन्फिनिबँडने जोडले. बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा हा समूह त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगातील ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत तिसरा आला. सुटे संगणक आणि मधले नेटवर्क चांगले असेल, तर काय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

त्याचे वेगळेपण कशात?

इन्फिनिबँड आणि इथरनेट यांच्यात मूळ फरक शिस्तीचा आहे. रेल्वेत पुढच्या स्थानकाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. इन्फिनिबँडमध्ये तसेच आहे. पुढच्या स्विचने 'माझ्याकडे एवढी जागा शिल्लक आहे' असे कळवल्यावरच मागचा स्विच पॅकेट सोडतो. त्यामुळे गर्दी झाली म्हणून पॅकेट फेकून देण्याची वेळ येत नाही. मार्गही प्रत्येक स्विच आपापला शोधत नाही. 'सबनेट मॅनेजर' नावाचे सॉफ्टवेअर संपूर्ण जाळ्याचा नकाशा बनवून मार्ग आखून देते.

इथरनेट हा महामार्ग आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली, ती कोणालाही सहज जोडता यावे म्हणून. वाहन काढा आणि निघा. गर्दी झाली तर स्विच पॅकेट टाकून देतो आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. इंटरनेटसाठी हे उत्तम चालते. पण आरडीएमएचे काम कार्डावरच्या छोट्या चिपकडे असते आणि हरवलेल्या पॅकेटांचा हिशेब ठेवणे तिला जड जाते.

ओरॅकलने २०१९ मध्ये बाजू का बदलली?

व्यवसायातील संगणकांबाबत या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ओरॅकलचे 'एक्झाडेटा' हे डेटाबेस यंत्र. सप्टेंबर २००८ मध्ये एचपीच्या सर्व्हरवर ते सादर झाले तेव्हा त्यात डेटाबेस चालवणारे आठ सर्व्हर, डेटा साठवणारे १४ सर्व्हर आणि मध्ये २० गिगाबिटचे इन्फिनिबँड होते. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ते ४० गिगाबिट झाले. २०१० मध्ये तर ओरॅकलने मेलानॉक्सचा सुमारे १० टक्के हिस्सा विकत घेतला.

या यंत्राची खुबी केवळ वेगवान तारांत नव्हती. समजा, कोट्यवधी नोंदींमधून फक्त नाशिक शाखेच्या नोंदी हव्या आहेत. साध्या रचनेत साठवण सर्व्हर सगळ्या नोंदी पाठवतो आणि डेटाबेस सर्व्हर त्यातल्या निवडतो. एक्झाडेटामध्ये ही चाळणी साठवण सर्व्हरच लावतो आणि नेमक्या नोंदीच पुढे पाठवतो. नेटवर्क वेगवान करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यावर कमी सामान टाकणे, ही गोष्ट नवे स्विच खरेदी करताना हमखास विसरली जाते.

अकरा वर्षे इन्फिनिबँडवर काढल्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये 'एक्स८एम' ही आवृत्ती आली आणि तिच्यात इन्फिनिबँड नव्हते. त्याजागी १०० गिगाबिटचे इथरनेट आणि त्यावर आरडीएमए चालवणारी 'रॉकी' ही पद्धत होती. डेटाबेसचा एक तुकडा साठवण सर्व्हरवरून वाचायला १९ मायक्रोसेकंदांहून कमी वेळ लागतो, असा कंपनीचा दावा होता. त्यासाठी साठवण सर्व्हरमध्ये इंटेलची 'ऑप्टेन' ही वीज गेली तरी डेटा न विसरणारी मेमरी वापरली होती. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेन गुंडाळले. पुढे २०२३च्या 'एक्स१०एम' आवृत्तीत साध्या मेमरीवर तेच काम होऊ लागले. मेमरी बदलली, आरडीएमए राहिले.

बदलामागे तंत्रज्ञानाइतकेच व्यवहाराचे गणित होते. इथरनेटचे स्विच आणि चिप अनेक कंपन्या बनवतात, वेग दर काही वर्षांनी वाढतो आणि क्लाऊडमध्ये वेगवेगळ्या ग्राहकांचा डेटा एकाच जाळ्यावर वेगळा ठेवण्याची साधने त्यात आधीपासून आहेत. शिवाय, इन्फिनिबँड जाणणारा अभियंता शोधावा लागतो. इथरनेट जाणणारा प्रत्येक कार्यालयात असतो.

मग इथरनेटवर सगळे सुरळीत आहे का?

नाही. 'रॉकी'चे मानक २०१० मध्ये आले आणि मोठ्या जाळ्यांसाठीची दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये. पॅकेट हरवू नये म्हणून इथरनेटमध्ये 'थांबा' असा संकेत देण्याची सोय वापरली जाते. स्विचची जागा भरत आली की तो मागच्याला थांबवतो, तो त्याच्या मागच्याला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर घाटात कोंडी झाली की रांग लोणावळ्याच्याही मागे जाते आणि ज्याला फक्त लोणावळ्याला उतरायचे आहे, त्याची गाडीही विनाकारण अडकते. इथरनेटमध्ये नेमके असेच होते.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या डेटा सेंटरमधील अशा अनुभवांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखादे नेटवर्क कार्ड बिघडून सतत 'थांबा' म्हणत राहिले, तर त्याची झळ दूरवरच्या धडधाकट सर्व्हरनाही बसते, असे त्यांना आढळले. त्यांचा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी दर २५६ पॅकेटांमागे एक पॅकेट मुद्दाम टाकून दिले, म्हणजे हानी फक्त ०.४ टक्के. तरीही उपयोगी डेटा पोहोचण्याचे प्रमाण शून्य झाले. कारण एक पॅकेट हरवले की कार्डावरची चिप संपूर्ण संदेश पहिल्यापासून पाठवत असे. चार मेगाबाइटच्या संदेशात सुमारे चार हजार पॅकेट असतात. त्यामुळे तो कधी पूर्ण होतच नसे. तारा मात्र पूर्ण वेगाने वाहत असल्याचे दिसत होते! उपाय म्हणून जिथे हरवले तिथून पुढे पाठवण्याची पद्धत आणली गेली आणि सतत 'थांबा' म्हणणाऱ्या कार्डांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली गेली.

व्यवसायासाठी यातली खरी डोकेदुखी वेगळी आहे. अशी चूक झाली की नेटवर्क बंद पडत नाही. फक्त मंद होते. दिवे हिरवे असतात, पिंग लागते आणि डेटाबेस मात्र रखडतो. मग डेटाबेसवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले साठवणवाल्यांकडे.

एआयमुळे काय बदलले?

एआय प्रारूप घडवताना हजारो जीपीयू आपापला भाग सोडवतात आणि प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांची उत्तरे एकत्र करतात. सर्वांत मागे राहिलेल्याची उत्तरे येईपर्यंत बाकीचे थांबतात. म्हणजे एक मंद केबल हजारो महागड्या चिपना बसवून ठेवू शकते. मेटाने मार्च २०२४ मध्ये प्रत्येकी सुमारे २४ हजार जीपीयूंच्या दोन क्लस्टरची माहिती दिली. एक इन्फिनिबँडवर, दुसरे 'रॉकी'वर आणि दोन्हींच्या जोडण्या ४०० गिगाबिटच्या. म्हणजे कंपनीने दोन्ही घोड्यांवर पैसे लावले होते. त्यांचे सर्वांत मोठे 'लामा ३' प्रारूप घडले ते इथरनेटवर. त्या कामाच्या ५४ दिवसांच्या नोंदींत ४१९ वेळा अनपेक्षित खंड पडला, त्यातले ८.४ टक्के स्विच वा केबलमुळे होते. जीपीयूच्या बिघाडांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी असले, तरी दीड दिवसात साधारण एक खंड नेटवर्कमुळे, असा त्याचा अर्थ होतो.

स्पर्धेला दुसरे कारण मालकीचे आहे. एनव्हिडियाने २०१९ मध्ये मेलानॉक्स ६.९ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा केली आणि एप्रिल २०२० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्याआधी इंटेलने २०१२ मध्ये क्यूलॉजिकचा इन्फिनिबँड व्यवसाय घेतला, त्यातून 'ओम्नी-पाथ' बनवले आणि २०१९ मध्ये तेही सोडले. परिणामी इन्फिनिबँडचे मानक कागदावर खुले असले, तरी बाजारात पुरवठादार जवळपास एकच उरला. आणि तोच जीपीयूदेखील विकतो. जुलै २०२३ मध्ये एएमडी, ब्रॉडकॉम, सिस्को, अरिस्टा, एचपीई, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आदींनी 'अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियम' स्थापले. त्याचे पहिले मानक जून २०२५ मध्ये आले. पॅकेट कधीच हरवू नये हा हट्ट सोडून, हरवले तर तेवढेच चटकन पुन्हा पाठवावे आणि एकाच संदेशाची पॅकेट अनेक वाटांनी पाठवावीत, असा त्याचा भर आहे. एनव्हिडियाही गाफील नाही. २०२३ पासून ती 'स्पेक्ट्रम-एक्स' या नावाने एआयसाठी इथरनेटही विकते.

प्रत्येक कंपनीला याची गरज आहे का?

दहा-वीस सर्व्हरवर हिशेब, ईमेल आणि ईआरपी चालवणाऱ्या कंपनीला २५ गिगाबिटचे साधे इथरनेट पुरते. आरडीएमए उपयोगी पडते ते मोठे डेटाबेस, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारी साठवण आणि एआय यांसाठी. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२च्या आवृत्तीपासून फाइल शेअरिंगसाठी ही सोय आहे. कार्ड बसवताच ती आपोआप सुरू होण्याचा प्रयत्न करते, पण 'रॉकी'साठी मधल्या प्रत्येक स्विचवर जुळती मांडणी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. खर्चाचा अंदाज करताना कार्ड आणि स्विच मोजले जातात; केबल शेवटी आठवतात. तांब्याची साधी केबल ४०० गिगाबिटला दोन-तीन मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे दोन्ही टोकांना प्रकाशीय मोड्यूल लागतात आणि शेकडो जोडण्यांत ती रक्कम डोळ्यांत भरते.

यात पुणे कुठे आहे?

महासंगणकांच्या बाबतीत पुण्यातील सी-डॅकने हा प्रश्न सुरुवातीपासून हाताळला. १९९१चा 'परम ८०००' ट्रान्सप्युटर या चिपवर उभा होता आणि शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार जोडण्या त्या चिपमध्येच होत्या. १९९८च्या 'परम १००००'साठी सी-डॅकने 'परमनेट' हे स्वतःचे नेटवर्क बनवले. २००३ मध्ये जागतिक यादीत १७१वा आलेल्या 'परम पद्म'मध्ये त्याची २.५ गिगाबिटची दुसरी पिढी होती. नंतर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतील बहुतेक 'परम' यंत्रांत इन्फिनिबँड आले. म्हणजे यंत्र देशी, पण त्याच्या नसा परदेशी.

ती उणीव भरण्यासाठी सी-डॅक 'त्रिनेत्र' हे नेटवर्क विकसित करत आहे. त्याची १०० गिगाबिटची 'त्रिनेत्र-ए' ही आवृत्ती पुण्यात सी-डॅकच्या एक पेटाफ्लॉप क्षमतेच्या 'परम रुद्र'मध्ये बसवण्यात आली आहे. २०० गिगाबिटची 'त्रिनेत्र-बी' बंगळूरुच्या २० पेटाफ्लॉपच्या 'परम रुद्र'साठी आहे. एनव्हिडियाच्या इन्फिनिबँडची नवी पिढी मात्र ८०० गिगाबिटवर पोहोचली आहे.